रस्ता चुकणारी बाई

भात पिवळं पडायला लागलं की आमच्या घरात माझी गोष्ट निघते. दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाला गेलेला असतो, उरलेल्या चकल्या मऊ पडलेल्या असतात, पहाटे दोरीवरचे कपडे दवाने ओलसर लागतात, आणि ओटीवर कुणीतरी विळ्यांना धार लावायला बसतं. दगडावर पातं घासल्याचा तो आवाज कानावर आला की मी मनाशी म्हणते, आलं, आता कुणीतरी तोंड उघडणार. यंदा जनूकाकांनी उघडलं. त्यांचं शेत आमच्या शेताला लागून आहे. तंबाखू मळत आमच्या ओटीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "काय गो सूनबाय, यंदा कोणाचं भात कापाचं?"

सगळे हसले. दरवर्षी हसतात. मीसुद्धा हसत आले आहे, लग्न झालेल्या बाईला हसण्याची सवय लावूनच घ्यावी लागते. यंदा मात्र मला हसू आलं नाही. कारण जनूकाकांनी माझ्यावर थांबायचं सोडून शेजारी उभ्या असलेल्या माझ्या मुलीकडे, तन्वीकडे बघितलं आणि म्हणाले, "ही पन तुझ्यावरच गेली म्हनं." आणि तन्वीने मान खाली घालून, हसत, ते कबूल करून टाकलं. तेव्हापासून माझं डोकं तापलेलं आहे, आणि हे लिहितेय ते त्याच तापलेल्या डोक्याने.

आमचं गाव भिवंडीजवळ, वडप्याच्या आतल्या अंगाला. हायवे सोडून आत वळलं की आधी गोदामं लागतात, मग आणखी गोदामं लागतात, आणि आता संपलं असं वाटलं की दोन निळ्या पत्र्यांच्या मधून एकदम भाताचा पिवळा तुकडा दिसतो. तो तुकडा म्हणजे आमचं आणि जनूकाकांचं उरलेलं शेत. मी लग्न होऊन आले तेव्हा हे सगळं उलटं होतं, भातच भात आणि मध्ये कुठेतरी एखादं गोदाम. त्या वर्षीचा कापणीचा हंगाम म्हणजेच माझी ती गोष्ट.

पण माझी गोष्ट तिथे सुरू होत नाही, आणि माझं म्हणणं नेमकं तेच आहे. ती सुरू होते माझ्या माहेरी, भिवंडी शहरातल्या निजामपुऱ्यात, आमच्या चाळीच्या गच्चीवर, संक्रांतीच्या दिवसांत. माझे बाबा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर काम करायचे. खाली सगळी गल्ली दिवसरात्र खटाखट वाजत असायची, आणि वर गच्चीवर माझा दादा पतंग उडवायचा. मी त्याच्या मागे फिरकी धरून उभी. दादा ओरडायचा, "ढील दे, ढील!" की मी फिरकी सैल सोडायची, आणि "लपेट!" म्हणाला की गुंडाळायची. आभाळात काय चाललंय ते मला क्वचितच दिसायचं, माझं सगळं लक्ष मांज्यावर. मग कुठेतरी एखादा पतंग कटायचा आणि दादा जिना उतरून सुसाट सुटायचा. या गल्लीतून त्या गल्लीत, सुताच्या गठ्ठ्यांवरून उडी मारत, कुणाच्या तरी लूमच्या शेडमधून आत शिरून मागच्या दाराने बाहेर. दुपारभर पतंगामागे धावायचा आणि संध्याकाळी ढोपरं फोडून यायचा. आई त्याच्या ढोपरांना हळद लावताना म्हणायची, "ह्याला सगळी भिवंडी पाठ आहे."

पाठ असणारच. पतंगाने त्याला ती शिकवली होती. कितीतरी वेळा तो रस्ता चुकून कुठल्या कुठे पोचायचा, कुणीतरी दरडावून हाकलायचं, मग वळून दुसरी गल्ली पकडायचा. त्याचं ते चुकणं कुणी मोजलं नाही. आणि मी गच्चीवर फिरकी घेऊन उभी होते. मला बाहेर जायचं असलं की दादाबरोबर जायचं. शाळेत दादाबरोबर, शिंप्याकडे दादाबरोबर, मैत्रिणीकडे गेले तरी दादा खाली थांबलेला. तो पुढे, मी मागे. त्याच्या निळ्या शर्टाची पाठ मला इतकी ओळखीची होती की रस्ता बघायची गरजच पडली नाही. मागून चालणाऱ्याला पाठच दिसते. मग मोठेपणी सगळे विचारतात, मुलींना रस्ते कसे कळत नाहीत बुवा?

मग एका उन्हाळ्यात माझं लग्न झालं, आणि पावसाळा सरून कापणीचा हंगाम आला. गिरणीच्या आणि लूमच्या गावातली मी, मला भाताचं शेत म्हणजे चित्रातलं शेत. खाचरातलं पाणी आटून चिखल आवळत आलेला, वरून कोवळं ऊन, खालून गारवा. कापलेल्या भाताला एक कच्चा, गोडसर वास येतो, तो मला पहिल्या दिवसापासून आवडला. भाताची कुसं अंगाला लागून खाज सुटते, ती मात्र अजून आवडत नाही. महेशबरोबर, म्हणजे माझ्या नवऱ्याबरोबर, शेतावर जायची पद्धत नव्हती. तो टेम्पो चालवायचा, आजही चालवतो. शेतावर जायचं ते सासूबाईंच्या मागून. दोनदा गेले. दोन्ही वेळा डोक्यावर भाकऱ्यांची पाटी, एका हाताने ती धरलेली, दुसऱ्या हातात पाण्याची कळशी, आणि पायाखाली निसरडा बांध. अशा वेळी बाई कुठे बघते? पुढच्या बाईच्या पायाकडे. सासूबाईंच्या टाचांच्या भेगा मी आजही काढून दाखवीन. त्या वाटेला उजव्या हाताला काय होतं आणि डाव्या हाताला काय होतं, हे मात्र मला तेव्हाही माहीत नव्हतं.

आणि मग तो दिवस आला. वाडा तालुक्याकडून कापणीला मजूर बायका आल्या, आणि त्याच दिवशी सासूबाई तापाने फणफणल्या. महेश टेम्पो घेऊन नाशिकच्या बाजूला गेलेला, सासरे तर आधीच वारलेले. सासूबाई गोधडीतून म्हणाल्या, "तू दाव त्यांना आपलं शेत. दोनदा आली हायस ना माझ्यासंगं?"

"हो," मी म्हणाले. नव्या सुनेने दुसरं काय म्हणायचं असतं?

गावाबाहेर पडून मी बांधावर पाय ठेवला. डोक्यावर पाटी नव्हती, समोर कुणाच्या टाचा नव्हत्या. मान वर करून बघितलं तर सगळीकडे एकच पिवळं. मागे विळे घेतलेल्या बायका रांगेने थांबलेल्या. त्यांची म्होरकी, एक हसऱ्या तोंडाची बाई, म्हणाली, "कंचं गो बाय?" मी हात केला. का तिकडेच केला ते सांगता येणार नाही, पण थरथर न करता केला, एवढं आठवतं. आणि एक गोष्ट मी आजपर्यंत कुणाला बोलले नाही, ती इथे लिहिते. त्या सकाळी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पुढे कुणी नव्हतं, आणि मला ते फार आवडलं होतं. बायका कापत होत्या, गाणी म्हणत होत्या, मागे पेंढ्या पडत होत्या, बगळे येऊन बसत होते. मी बांधावर मालकिणीसारखी उभी.

जेवणवेळेला जनूकाकांची बायको आली. कमरेवर हात, डोळे मोठे. "अगो, कोनाची तू? कोनी धाडली तुला हिथं?"

"आमचं शेत आहे ना," मी म्हणाले.

"तुमचं त्या पल्याड. ह्ये आमचं हाय."

ती म्होरकी बाई मटकन बांधावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग बाकीच्याही हसल्या. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. पुढे गावातल्या दोन जाणत्यांनी निवाडा दिला, की कापलं ते जनूचं, तर भारे बांधून त्याच्या खळ्यावर नेऊन टाका. संध्याकाळपर्यंत आम्ही दुसऱ्याचं भात वाहिलं. जनूकाकांची कापणी फुकटात झाली, आणि तेव्हापासून सगळ्यात जास्त तेच हसत आले आहेत.

सासूबाई मात्र हसल्या नाहीत. दारात गावातल्या बायका जमल्या तेव्हा त्या गोधडी गुंडाळून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "तिचा काय दोष न्हाय. तिला चकवा लागला." माळावर, शेतात एकट्यादुकट्याला गाठून गोल गोल फिरवतो तो चकवा. सासूबाईंनी मला वाचवायला तो शब्द पुढे केला, हे मला कळत होतं, आजही त्याबद्दल मला त्यांची माया वाटते. पण त्यांनी पांघरूण म्हणून घातलेला शब्द माझ्या अंगाला चिकटला तो कायमचा. चकवेवाली सून. हिला एकटी सोडू नका. बाजाराला जायचंय, सोबत कोण आहे? बँकेत जायचंय, थांब, महेश आला की जा. माहेरी जायचं तर दादा घ्यायला येणार, नाहीतर महेश सोडायला येणार. मला कुठे जायचं असलं की आधी एक माणूस मोकळा असावा लागे. माणूस मोकळा नसला की मी मोकळी नसायचे. अशी वर्षं गेली.

रस्ते ओळखण्यात मी मुळातच कच्ची असेन, हे मी नाकारत नाही. काही माणसांना जन्मतःच कळत असेल. एकदा नेलेल्या घरी दहा वर्षांनी बिनचूक जाणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि रोज त्याच दवाखान्यात जाऊन दर वेळी उलट्या बाजूचा जिना चढणारीही पाहिली आहेत. डोक्यात काहीतरी कमीजास्त असेलही. पण कमीजास्त कुणाचं धरायचं आणि कुणाचं सोडून द्यायचं, हे काही डोक्यात ठरत नाही, ते घरात ठरतं. महेशचंच बघा. मानकोलीच्या नव्या गोदामांमध्ये माल टाकायला गेला आणि गेट शोधत अर्धा दिवस फिरला. घरी येऊन काय म्हणाला? "त्यांनी सगळा रस्ताच बदलून टाकलाय." बाप्या चुकला की रस्ता बदललेला असतो. बाई चुकली की बाईच तशी असते.

आणि सासूबाई. शेतात, अंधारात, धुक्यात कधी न चुकलेली बाई. त्यांना मी एकदा विचारलं होतं, तुम्हाला कसं कळतं हो? त्यांनी हनुवटीने डोंगर दाखवला. "त्यो हाय ना तिथं." त्यांचं सगळं त्या एका डोंगराच्या हिशोबाने चालायचं. डोंगर पाठीला घेतला की घर, तोंडाला घेतला की शेत, खांद्याला घेतला की बाजाराची वाट. मग गोदामं उठली. उंच पत्रे चढले आणि आमच्या आळीतून डोंगर दिसेनासा झाला. एका दुपारी सासूबाई शेळीमागे गेल्या आणि गोदामाच्या भिंतीशी उभ्या राहिलेल्या सापडल्या. "डोंगर कुठं गेला गो?" एवढंच विचारत होत्या. आता त्या मागच्या दारापलीकडे जात नाहीत. त्यांना कुणी चकवा लागला म्हणालं नाही, वय झालं म्हणाले. मी म्हणते, डोंगर काढून नेला तर डोंगराच्या भरवशावर चालणाऱ्या माणसाने करायचं काय?

तर ही तन्वी. यंदा तिला कल्याणच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. तिने हट्टाने स्कूटी घ्यायला लावली, आणि त्या स्कूटीवर मीसुद्धा शिकले, गावातल्या गावात, पिठाच्या गिरणीपर्यंत जाऊन यायचं इतपत. दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज सुरू झालं, आणि पहिल्याच आठवड्यात ती घरी येताना हायवेच्या कामापायी वळवलेल्या रस्त्यात शिरली, तिथून गोदामांत शिरली, आणि गोल गोल फिरून दिवेलागणीला घरी आली. सुखरूप आली. चिडलेली, भुकेजलेली, पण सुखरूप. महेश ओटीवर येरझाऱ्या घालत होता. तिला बघितल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला आणि लगेच तोंड सुटलं.

"आईवर गेलीय पूर्ण! उद्यापासून मी सोडणार, मी आणणार. माझी ट्रिप असेल त्या दिवशी घरी बसायचं. नाहीतर इथल्याच कॉलेजात नाव घाल."

मला वाटलं पोरगी भांडेल. एरवी मोबाईलवरून भांडते, भाजीवरून भांडते. ती चप्पल काढत म्हणाली, "असू दे ना मम्मी. मला पण नाय कळत रस्ते. असतं कोणाकोणाचं तसं."

असतं कोणाकोणाचं तसं. हे वाक्य माझं. माझ्याच सुरात, माझ्याच हसण्यासकट. वीस वर्षं मी ते म्हणत आले आणि घरात एक पोर ते ऐकत मोठी होत होती, याचा मला पत्ता नव्हता. मी हातातलं ताट खाली ठेवलं.

"ती जाणार," मी म्हणाले. "एकटी."

"आणि हरवली तर?"

"हरवू दे. सापडेल. आज नाही सापडली?"

महेश हसला. वाईट माणूस नाही तो, पण हसणं त्याला वेळ बघून जमत नाही. "कोण बोलतंय बघा! तू स्वतः जाऊन ये ना एकटी निजामपुऱ्याला. रविवारी. कोणाला न विचारता. मग पोरीची वकिली कर."

"जाते," मी म्हणाले. शब्द तोंडातून गेला तेव्हा मलाच दचकायला झालं. "पण विचारत जाणार."

"मग काय अर्थ त्याला?"

"देवाने तोंड दिलंय ते विचारायला. तुम्हाला काय फक्त ऑर्डरी सोडायला दिलंय?"

कोपऱ्यात सासूबाई वाल निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जा गो तू." विषय संपला. दुसऱ्या सकाळी जनूकाकांनी ओटीसमोर तन्वीला तेच ऐकवलं.

रविवारी सकाळी निघाले. तन्वीने मोबाईलवर नकाशा लावून दिला होता, त्यातली बाई बोलायला लागली, "दोनशे मीटरनंतर उजवीकडे वळा." मला एकदम दादाचा निळा शर्ट आठवला. दादा झाला, सासूबाई झाल्या, महेश झाला, आणि आता ही. परत कुणाच्या तरी मागूनच चालायचं असेल तर एवढं भांडण कशाला केलं? मी गाडी थांबवली, तिचं तोंड बंद केलं आणि मोबाईल डिकीत टाकला. आजूबाजूला कापणी चालली होती. रस्त्याच्या कडेला भाताचे भारे टेम्पोत चढत होते, पलीकडे गोदामातून खोके टेम्पोत चढत होते. ऊन कोवळं होतं. माझे हात हँडलवर इतके घट्ट आवळलेले की बोटं दुखायला लागली.

आणि मी विचारत गेले. रस्ता विचारणं ही केवढी मौज आहे, हे न विचारणाऱ्यांना कधी कळायचं नाही. एका रिक्षावाल्याने सांगितलं, "सीधा जाओ, दर्गा आएगा, वहाँ से लेफ्ट." भाजीवालीने सांगितलं, "कपड्याचं दुकान लागेल बघा, बाहेर पुतळ्यांना साड्या नेसवल्यात, तिथून वळायचं." एका आजोबांनी हवेत बोटाने सगळा रस्ता काढून दाखवला आणि शेवटी म्हणाले की पूर्वी इथे तळं होतं, तिथून आत जायचं. तळं आता नाही, पण त्यांच्या डोक्यात आहे, आणि त्यांना घरी जायला तेच लागतं. एकाने सांगितलं बारवरून, एकाने दवाखान्यावरून, एकीने आपल्या माहेराच्या इमारतीवरून. प्रत्येकाची भिवंडी वेगळी. ज्याला जिथे जावं लागलं, जिथे जायला मिळालं, तेवढी त्याच्या मालकीची. माझ्या वाट्याला एक गच्ची आणि एक खाचर आलं होतं, तेही दुसऱ्याचं.

निजामपुऱ्यात शिरले तेव्हा कुणाला विचारायची गरज उरली नाही. कानच पुढे झाले. लूमचा तो खटाखट आवाज दोन्ही भिंतींतून अंगावर आला, आणि हवेत सुताची धूळ. ओळखीच्या जिन्याखाली गाडी लावली. वर दादाने दार उघडलं आणि माझ्या मागे बघायला लागला.

"महेश किधर है?"

"घरी."

"तू एकटी आलीस? अरे यार, फोन करायचा ना! मी आलो असतो घ्यायला."

चहा प्यायले, वहिनीने केलेले पोहे खाल्ले. निघताना दादा म्हणाला, "थांब, नाक्यापर्यंत सोडतो." तो चप्पल शोधत होता तेवढ्यात मी जिना उतरून गाडी सुरू केली. मागून हाका मारत होता बिचारा. त्याच्यावर माझा राग नाही. पण त्या दिवशी मला त्याची पाठ बघायची नव्हती.

परतीला चुकले. सांगून टाकते, उगाच शौर्याच्या गोष्टी कशाला. हायवेला लागताना नाशिकच्या बाजूला वळायचं ते मुंबईच्या बाजूला वळले. कंटेनर अंगावरून जात होते, थांबून विचारायला कुणी नव्हतं, आणि वाटलं हा रस्ता सकाळी एवढा लांब नव्हता. मग वर पाटी दिसली, मानकोली. घर एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. गाडी कडेला घेतली.

मानकोली. इथल्या एका गोदामाच्या ऑफिसात मला नोकरी मिळाली होती, तन्वी शाळेत जायला लागली तेव्हा. कॉम्प्युटरवर मालाची नोंद करायची. मी आठवडाभर आले. महेश सोडायचा, महेश आणायचा. मग त्याच्या ट्रिपा वाढल्या आणि घरात ठरलं की हिला कोण सोडणार, कोण आणणार, राहू दे. मीही म्हणाले, राहू दे. त्या ऑफिसच्या खिडकीतून दुपारी खाडीकडचा वारा यायचा, आणि एक मुलगी मला रोज आपल्या डब्यातली भाजी द्यायची. तिचं नावही आता आठवत नाही. माझी नोकरी रस्ता चुकल्याने गेली नाही. मी चुकीन म्हणून गेली. हे मला त्या कडेला उभं राहून पहिल्यांदा नीट कळलं, आणि इतका राग आला की मी किल्ली फिरवून गाडी पुन्हा सुरू केली.

पुलाखालून वळसा घेऊन परत फिरायचं, असं एका टपरीवाल्याने सांगितलं. मी वळसा घेतला तो गोदामांच्या रांगेत. सगळे पत्रे सारखे, सगळी गेटं सारखी. एका गेटासमोर भलामोठा कंटेनर उभा होता. त्याचा ड्रायव्हर वरून वाकून म्हणाला, "दीदी, ये वडपे किधर पड़ेगा?"

मी म्हणाले, "भैया, मैं भी वही ढूँढ रही हूँ."

आम्ही दोघेही हसलो. मी विचारलं, "डर नहीं लगता, रास्ता भूल जाते हो तो?"

तो म्हणाला, "दीदी, गाड़ी चलाएगा तो भूलेगा ही ना."

किती सरळ बोलला. त्याला कुणी चकवेवाला म्हणत नसेल. त्याच्या मुलाला कुणी बापावर गेला म्हणून घरी बसवत नसेल. तो पुढे निघून गेला, आणि गेला तो वडप्याकडे असेलच असंही नाही. मी तिथेच उभी. ऊन पत्र्यांवरून खाली उतरायला लागलं होतं, कुठूनतरी कापलेल्या भाताचा वास येत होता, या सिमेंटमध्येसुद्धा कुणाचं तरी खाचर उरलेलं असणार. डिकीत मोबाईल वाजला.

"कुठे आहेस?" महेश.

"माहीत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे चुकलेय."

त्याचा आवाज मऊ झाला, आणि त्या मऊपणात तो जिंकलेला मला ऐकू आला. "तरी मी सांगत होतो. आहेस तिथेच थांब. लोकेशन टाक, मी येतो घ्यायला."

"लोकेशन टाकणार नाही. तुम्ही यायचं नाही. टाकीत पेट्रोल आहे, रस्त्यावर माणसं आहेत. तन्वीला फोन द्या."

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला. "मम्मी? तू ठीक हायेस ना?"

"मस्त आहे. चुकलेय. पप्पांना सांग, मला शोधायला यायचं नाही, जेवून घ्या. उद्या तू कॉलेजला एकटी जायचंस."

"पण मम्मी, तू तर चुकलीस ना..."

"चुकले. मग? घरी बसले असते तर चुकले नसते."

मागून महेश विचारत होता, काय म्हणतेय, कुठे आहे, मी निघू का. मी थांबले. माझं म्हणून झालं होतं, पुढचं तिचं तिने ठरवायचं होतं, आणि मला खरोखर भीती वाटली, दिवसभरात वाटली नव्हती एवढी, की ही आता पुन्हा तेच म्हणेल, असतं कोणाकोणाचं तसं.

मग तिने फोन तोंडापासून जरा लांब धरला असावा, कारण तिचा आवाज लांबून आला, पण स्पष्ट आला.

"पप्पा, मम्मी चुकलीय. तिला शोधायला जायचं नाय, जेवून घ्या म्हणते. आणि उद्या मी एकटी जाते."